गर्दीची प्रतिमाने आणि गर्दीतील माणूस : एक चिकित्सा

प्रस्तावना

गर्दीतील अपघातासाठी मराठीत 'चेंगराचेंगरी' हा शब्द रूढ आहे. मारामारी, ढकलाढकली, ओढाओढी या शब्दांच्या घडणीचाच हा शब्द होय. अशा द्विरुक्त शब्दांत क्रिया परस्परांवर केली जाते, हा अर्थ अंगभूत असतो. त्यामुळे 'चेंगराचेंगरीत इतके जण मृत्युमुखी पडले' असे वाक्य वाचताच, माणसांनीच माणसांना चेंगरले, असा निवाडा वाचकाच्या मनात होऊन जातो. जिन्याची रुंदी, दरवाजाची जागा, मागून येणाऱ्यांपर्यंत न पोचलेली सूचना या गोष्टी त्या वाक्याच्या बाहेरच राहतात.

भाषेत जे नकळत घडते तेच शास्त्रीय प्रतिमानातही घडू शकते. गेल्या तीन-चार दशकांत पदार्थविज्ञान, संगणकशास्त्र आणि मानसशास्त्र या तिन्ही शाखांच्या अभ्यासकांनी गर्दीच्या वर्तनाची गणिती व संगणकीय प्रतिमाने उभी केली आहेत. इमारतींचे आराखडे, क्रीडांगणांची प्रवेशद्वारे, यात्रांची व्यवस्था यांच्या नियोजनात अशा प्रतिमानांचा आधार घेतला जातो. प्रस्तुत लेखात यांपैकी दोन प्रतिमानांची सामाजिक मानसशास्त्राच्या अंगाने चिकित्सा केली आहे. लेखाचे प्रतिपादन असे की, गर्दीचे कोणतेही प्रतिमान मनाविषयीच्या एखाद्या गृहीतकावाचून उभे राहत नाही आणि अपघाताचे दायित्व कोणाकडे जाते, हे बऱ्याच अंशी त्या गृहीतकावर ठरते.

ल बाँचा वारसा

गर्दीच्या मानसशास्त्राचा आरंभ बहुधा गुस्ताव्ह ल बाँ यांच्या १८९५ मधील फ्रेंच ग्रंथापासून मानला जातो. १८७१ मधील पॅरिस कम्यूनचा उठाव ल बाँ यांनी पाहिला होता आणि संघटित होऊ लागलेल्या कामगारवर्गाविषयीची धास्ती त्यांच्या विवेचनात सर्वत्र जाणवते. त्यांच्या मते गर्दीत शिरलेला माणूस अनामिक होतो, त्याची विवेकशक्ती लोपते, भावना रोगाच्या साथीप्रमाणे एकाकडून दुसऱ्याकडे पसरतात आणि संमोहित व्यक्तीप्रमाणे तो कोणत्याही सूचनेच्या आहारी जातो. १९२४ मध्ये फ्लॉइड ऑलपोर्ट यांनी गर्दीचे असे वेगळे मन असते हेच नाकारले. माणूस एकटा असताना जसा वागतो तसाच गर्दीतही वागतो, फक्त अधिक तीव्रतेने, अशी त्यांची भूमिका होती.

ही दोन मते परस्परविरोधी दिसतात. तथापि एका बाबतीत त्यांचे साम्य आहे. दोहोंतही गर्दीतील माणसाला समाज नाही. ल बाँ यांच्या गर्दीत व्यक्ती विरघळून जाते, तर ऑलपोर्ट यांच्या गर्दीत व्यक्तींची केवळ बेरीज होते. माणूस ज्या नात्यांनी, निष्ठांनी आणि संकेतांनी बांधलेला असतो, त्यांना या दोहोंत जागा नाही. नंतरच्या संगणकीय प्रतिमानांनी ही उणीव वारशाने घेतली, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

कणांची गर्दी

डर्क हेल्बिंग व पीटर मोल्नार यांनी १९९५ मध्ये 'सामाजिक बल' प्रतिमान मांडले. त्यात प्रत्येक पादचारी हा एक कण असतो. गंतव्याच्या दिशेने एका इच्छित वेगाने जाण्याची त्याची ओढ हे एक बल. इतर माणसांपासून आणि भिंतींपासून अंतर राखण्याची प्रवृत्ती हे दुसरे. एवढ्या मोजक्या गृहीतकांतून समोरासमोर येणाऱ्या पादचाऱ्यांच्या आपोआप पडणाऱ्या रांगा आणि अरुंद दारातून आळीपाळीने वाहणारे दुतर्फा प्रवाह निर्माण होतात. कोणी आज्ञा न देता शिस्त कशी उद्भवते, याचे इतके सुबोध दर्शन तोवर क्वचितच घडले होते. या प्रतिमानाची ही कामगिरी निःसंशय मोठी आहे.

२००० मध्ये हेल्बिंग, फार्कस व विचेक यांनी हेच प्रतिमान घबराटीच्या प्रसंगाला लावले. माणसे एकमेकांना भिडली की शरीरांचा दाब आणि घर्षण यांची भर समीकरणात पडते. इच्छित वेग सुमारे १.५ मीटर प्रति सेकंद या मर्यादेपलीकडे वाढवला की खोली रिकामी होण्यास कमी नव्हे, तर अधिक वेळ लागतो. कारण दाराशी माणसांची कमान तयार होऊन ती अडकून बसते. घाई करावी तितका उशीर होतो, हा निष्कर्ष त्यामुळे प्रसिद्धी पावला.

चिकित्सेचा मुद्दा येथे उपस्थित होतो. या निष्कर्षात 'घबराट' नेमकी कोठे आहे? समीकरण पाहता, वाढवलेला इच्छित वेग आणि शरीरांमधील घर्षण एवढ्यावरच तो उभा आहे. माणसाचा विवेक हरपला आहे, असे प्रतिमानात कोठेही दाखवावे लागत नाही. गाडी सुटेल या चिंतेने झपाझप चालणारी, पूर्णपणे शुद्धीवर असलेली माणसेही तीच कमान निर्माण करतील. कळपवृत्तीसाठी मात्र एक स्वतंत्र गुणांक योजला आहे. माणूस स्वतःच्या दिशेला किती आणि शेजाऱ्यांच्या सरासरी दिशेला किती महत्त्व देतो, हे तो दर्शवतो. धुराने भरलेल्या खोलीच्या प्रयोगात निव्वळ स्वतःच्या मताने चालणे आणि निव्वळ इतरांमागे जाणे या दोहोंपेक्षा त्यांचे मिश्रण अधिक उपयुक्त ठरते, असे याच प्रतिमानात आढळले. म्हणजे इतरांचे पाहून वागणे हे विवेकहीनतेचे लक्षण नसून, अपुऱ्या माहितीच्या स्थितीतील एक शहाणपण आहे, असाच त्याचा अर्थ होतो. तात्पर्य, प्रतिमानाच्या गणिताने जे सिद्ध केले, त्यापेक्षा निराळीच गोष्ट त्याला दिलेले 'घबराट' हे नाव सांगते. गणित नवे आहे. नाव ल बाँ यांच्या परंपरेतले आहे.

या संदर्भात अलेक्झांडर मिंट्झ यांचा १९५१ मधील प्रयोग उद्बोधक आहे. अरुंद गळ्याच्या बाटलीत अनेक शंकू ठेवलेले. प्रत्येक शंकूची दोरी एकेका सहभागी व्यक्तीच्या हाती. बाटलीत तळाकडून पाणी चढत जाणारे. शंकू वेळीच बाहेर काढणाऱ्याला बक्षीस आणि न काढणाऱ्याला दंड असा नियम केला की गळ्याशी कोंडी होई. सर्वांनी मिळून करावयाचे काम म्हणून तेच सांगितले की कोंडी टळे. आरडाओरड्याने निर्माण केलेल्या भावनिक उत्तेजनाचा परिणाम त्या मानाने नगण्य होता. कोंडी होते ती भावना अनावर झाल्यामुळे नव्हे, तर 'इतर थांबणार नाहीत, मग मीच का थांबावे' या अपेक्षेमुळे, असे मिंट्झ यांचे अनुमान होते. सामाजिक बलाच्या समीकरणात या अपेक्षेसाठी एकही पद नाही.

तुलनेचे प्रतिमान

ही उणीव भरून काढण्याचा एक लक्षणीय प्रयत्न बार-इलान विद्यापीठातील नताली फ्रिडमन व गाल कामिन्का यांनी २००७ पासून केला. लिऑन फेस्टिंगर यांची १९५४ मधील सामाजिक तुलनेची उपपत्ती त्यांनी आधाराला घेतली. आपली मते आणि क्षमता तपासण्यासाठी वस्तुनिष्ठ साधन हाती नसते तेव्हा माणूस इतरांशी तुलना करतो. ही तुलना तो आपल्यासारख्यांशी करतो आणि आढळलेला फरक कमी करण्याकडे त्याचा कल असतो, असे ही उपपत्ती सांगते.

या प्रतिमानात प्रत्येक संगणकीय व्यक्ती भोवतालच्या व्यक्तींशी आपले साम्य किती आहे, ते मोजते. साम्य एका किमान मर्यादेखाली असेल तर ती दुसऱ्या व्यक्तीकडे दुर्लक्ष करते. कमाल मर्यादेवर असेल तर काही करण्याची गरज उरत नाही. या दोन मर्यादांच्या दरम्यान जी व्यक्ती सर्वांत सारखी आढळेल, तिच्याशी असलेला फरक कमी होईल अशी कृती ती निवडते. निरीक्षकांना पादचाऱ्यांची चित्रे दाखवली असता, या प्रतिमानातून निघालेली हालचाल त्यांना पूर्णतः सुटी आणि सैनिकी संचलनासारखी पूर्णतः एकसाची या दोहोंच्या मध्ये वाटली.

कणाच्या जागी निवड करणारी व्यक्ती आणली, हे या प्रतिमानाचे श्रेय आहे. पण फेस्टिंगर यांच्या उपपत्तीचे या प्रवासात काय झाले, तेही पाहिले पाहिजे. मूळ उपपत्ती मते आणि क्षमता यांविषयी होती. येथे तुलना होते ती स्थान, दिशा, चाल, रंग अशा दृश्य लक्षणांची. मूळ उपपत्तीत तुलनेमागे 'माझे बरोबर आहे का' हा प्रश्न होता. येथे प्रश्न लोपला आणि केवळ फरक मिटवणे उरले. शिवाय कोणत्या लक्षणाला किती महत्त्व, हे प्रतिमानकर्ता आधीच ठरवून देतो.

प्रचीतीचा प्रश्नही आहेच. हालचाल खऱ्यासारखी दिसते, एवढ्यावरून तिच्यामागील कारणही खरे आहे, असे म्हणता येत नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ मध्ये याचा एक सोपा दाखला दिला. शंभर माणसांचा जमाव आहे. पहिला कोणाचीही वाट न पाहता दंगल सुरू करील, दुसरा एकाने सुरू केल्यावर, तिसरा दोघांनी केल्यावर, अशी उंबरठ्यांची रांग आहे. हा जमाव पूर्णपणे दंगलीत उतरेल. आता दुसऱ्या माणसाचा उंबरठा एकवरून दोन केला, की दंगल पहिल्या माणसापाशीच थांबेल. दोन्ही जमाव मनाने जवळजवळ एकच. परिणामांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. बाह्य वर्तनावरून गर्दीचे मन वाचणे किती धोक्याचे आहे, हे यावरून लक्षात यावे.

साम्य कोण ठरवते?

यापेक्षा मूलगामी आक्षेप सामाजिक अस्मितेच्या उपपत्तीतून येतो. हेन्री ताजफेल व जॉन टर्नर यांच्या मांडणीनुसार माणसाला एकच एक 'स्व' नसतो. प्रसंगानुसार तो स्वतःला निरनिराळ्या वर्गांत पाहतो आणि आपला कोण, परका कोण, हे त्यानुसार बदलते. २ एप्रिल १९८० रोजी ब्रिस्टल शहरातील सेंट पॉल्स वस्तीत पोलिसांच्या छाप्यानंतर दंगल झाली. तिचा अभ्यास स्टीफन रायकर यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केला. जमावाचा रोष प्रामुख्याने पोलिसांवर होता. घरे आणि स्थानिकांची दुकाने बहुतांशी सुरक्षित राहिली. पोलीस वस्तीबाहेर गेल्यावर जमावाने त्यांचा पाठलाग पुढे नेला नाही. जमावाने विवेक गमावला असता तर या मर्यादा पडल्या नसत्या. 'आपण सेंट पॉल्सचे' या ओळखीनेच काय करावे आणि काय करू नये, हे ठरवले होते.

रायकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातून केवळ शारीरिक गर्दी आणि मानसिक अर्थाने एक झालेली गर्दी असा भेद केला. मराठीला हा भेद नवा नाही. फलाटावर असते ती गर्दी. कायद्याच्या भाषेत असतो तो जमाव. वाळवंटात जमतो तो वैष्णवांचा मेळा. ॲन टेम्पल्टन, जॉन ड्रुरी व अँड्र्यू फिलिपाइड्स यांनी २०१५ मध्ये गर्दीच्या प्रतिमानांवरील साहित्याचा आढावा घेतला. त्यात गर्दी एकजिनसी समूह, सुट्या व्यक्ती किंवा छोटे गट या रूपांतच आढळली. स्वतःला एका समूहाचे मानणारी गर्दी जवळजवळ अनुपस्थितच होती. त्यांच्याच २०१८ मधील प्रयोगात, एका विद्यापीठाचे म्हणून ओळख जागवलेले विद्यार्थी अधिक जवळून, परंतु अधिक सावकाश चालताना आढळले. म्हणजे अस्मितेचा परिणाम भावनेपुरता राहत नाही. तो पावलांच्या गतीतही मोजता येतो.

तुलनेच्या प्रतिमानाची मर्यादा पंढरीच्या वारीतील एका प्रसंगावरून स्पष्ट होईल. संत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात मुक्कामाच्या ठिकाणी समाज आरतीपूर्वी चोपदार दंड उंचावतात आणि हजारो टाळांचा गजर थांबतो. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती दिंडी मात्र टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्याकडे जातात, तक्रार ऐकून घेतात आणि मग आरती होते. फ्रिडमन व कामिन्का यांच्या नियमाप्रमाणे, भोवतालच्या दिंड्यांशी इतके साम्य असलेल्या या दिंडीने फरक मिटवण्यासाठी तत्काळ गप्प व्हावयास हवे. प्रत्यक्षात ती वाजवत राहते आणि तरीही शिस्त मोडत नाही. कारण हा फरकही सर्वांना ठाऊक असलेल्या संकेताचाच भाग आहे. मौन आणि नाद या दोहोंचा अर्थ एकाच परंपरेतून येतो. दृश्य लक्षणांचे साम्य मोजणाऱ्या प्रतिमानाला हा प्रसंग केवळ विसंगती म्हणून दिसेल.

अस्मितेची मर्यादा

तथापि सामाजिक अस्मितेलाच सर्व प्रश्नांचे उत्तर मानणे, ही तितकीच एकांगी भूमिका ठरेल. होसम अलनाबुल्सी व जॉन ड्रुरी यांनी २०१२ च्या हज यात्रेत १,१९४ यात्रेकरूंचा अभ्यास केला. समूहाशी दृढ तादात्म्य असलेल्या यात्रेकरूंना दाट गर्दीतही सुरक्षित वाटत होते. भोवतालचे लोक आपल्याला साहाय्य करतील, हा विश्वास त्यामागे होता. परंतु २४ सप्टेंबर २०१५ रोजी मिना येथे त्याच यात्रेत भीषण दुर्घटना घडली. अधिकृत मृतसंख्या ७६९ होती; वृत्तसंस्थांनी निरनिराळ्या देशांचे आकडे एकत्र केले तेव्हा ती दोन हजारांवर गेली.

सुरक्षित वाटणे आणि सुरक्षित असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. जॉन फ्रुइन यांनी १९९३ मध्ये दाखवल्याप्रमाणे, दर चौरस मीटरला सुमारे सात माणसे झाली की गर्दी द्रवासारखी वागू लागते. दाबाच्या लाटा तिच्यातून जातात आणि व्यक्तीच्या इच्छेला काही अर्थ उरत नाही. त्या क्षणी माणूस सज्जन आहे की स्वार्थी, भक्त आहे की प्रवासी, हा प्रश्न गैरलागू होतो. येथे पदार्थविज्ञानाचा शब्द अंतिम आहे. मानसशास्त्राचे क्षेत्र त्याअगोदरचे आहे : माणसे तेथवर का आली, त्यांना काय ठाऊक होते, त्यांनी कोणाचे ऐकले आणि कोणावर विश्वास ठेवला. दृढ अस्मिता माणसाला दाटी सुसह्य करते. म्हणूनच ती त्याला धोक्याच्या रेषेपर्यंत निश्चिंतपणे नेऊही शकते. या दुधारी परिणामाची नोंद प्रतिमानांत होणे आवश्यक आहे.

प्रतिमान आणि दायित्व

या चर्चेचे महत्त्व निव्वळ सैद्धान्तिक नाही. १५ एप्रिल १९८९ रोजी इंग्लंडमधील हिल्सबरो क्रीडांगणावर आधीच भरलेल्या मधल्या कठड्यांत आणखी प्रेक्षक सोडले गेले. या दुर्घटनेतील मृतांची संख्या अखेरीस ९७ झाली. प्रेक्षकांच्या बेशिस्तीमुळे हे घडले, अशी कथा तत्काळ पसरली. मुख्य कारण पोलिसांचे नियंत्रण अपयशी ठरणे हे होते, असे त्याच वर्षीच्या चौकशी अहवालाने सांगितले. तरीही प्रेक्षकांचे वर्तन कारणीभूत नव्हते, असा ज्यूरीचा निर्णय येण्यास २०१६ साल उजाडले. विवेक हरपलेली गर्दी ही कल्पना तयारच होती, म्हणून ती कथा इतकी वर्षे टिकली.

महाराष्ट्रातील दाखलाही दूरचा नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईतील तत्कालीन एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलाच्या जिन्यावर २३ जणांचा बळी गेला. सकाळची वेळ होती. पाऊस कोसळत होता. पावसामुळे माणसे जिन्याच्या तोंडाशी थांबली होती आणि गाड्या मागून माणसे आणून सोडत होत्या. अफवेची आणि घबराटीची चर्चा वृत्तपत्रांत झाली. पण फ्रुइन यांनी सुचवलेले चार निकष, म्हणजे बल, माहिती, अवकाश आणि काळ, या प्रसंगाला लावले तर अफवा निर्णायक ठरत नाही. जिना अरुंद होता, हा अवकाशाचा प्रश्न. गाड्या लागोपाठ येत होत्या, हा काळाचा. पुढे कोंडी झाली आहे हे मागच्याला कळण्याची सोय नव्हती, हा माहितीचा. या तिन्हींचा मेळ बसला की बल आपोआप निर्माण होते. त्यासाठी कोणी कोणाला ढकलण्याचीही गरज नसते. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेथे लष्कराने बांधलेला नवा पूल खुला झाला. उपाय मनावर नव्हे, अवकाशावर केला गेला, ही गोष्ट बोलकी आहे.

समारोप

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, सामाजिक बलाच्या प्रतिमानाने दाखवलेल्या कोंडीला विवेकहीनतेच्या गृहीतकाची आवश्यकता नाही. 'घबराट' ही त्यात बाहेरून चिकटवलेली संज्ञा आहे. दुसरा, तुलनेच्या प्रतिमानाने मनाला प्रवेश दिला खरा, परंतु साम्य ही प्रसंगानुरूप बदलणारी आणि अर्थाने भारलेली गोष्ट आहे, हे सामाजिक मानसशास्त्राचे मुख्य प्रतिपादन त्यात उतरले नाही. तिसरा, सामाजिक मानसशास्त्र प्रतिमानात यावयाचे तर ते भावनेचा आणखी एक गुणांक म्हणून नव्हे. माणसांना काय ठाऊक आहे, इतरांकडून त्यांची काय अपेक्षा आहे आणि कोणाची सूचना ते आपली मानतात, या प्रश्नांच्या रूपाने आले पाहिजे.

हे प्रश्न कोणत्याही एका विद्याशाखेचे नाहीत. दाबाचे गणित पदार्थविज्ञानाकडे आहे, निवडीचे नियम संगणकशास्त्राकडे, अपेक्षा व अस्मिता मानसशास्त्राकडे आणि घटनेला नाव देण्याचे काम भाषेकडे. यांपैकी शेवटचे सर्वांत सोपे वाटते. पण चौकशी कोठून सुरू होईल, हे बहुधा तेथेच ठरते. 'चेंगराचेंगरी झाली' असे म्हटले की प्रश्न गर्दीला विचारला जातो. 'माणसे चेंगरली गेली' असे म्हटले की, जिना किती रुंद होता आणि मागच्यांना कोणी का थांबवले नाही, हे विचारणे भाग पडते.